शिफारस : काढून टाका

पळसदरी
१४ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार

दादा, जयभीम.

आई बरी आहे. आप्पा बरे आहेत. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण तीन वर्षांनी घरून पाकीट आलं की काहीतरी झालं असं तुला वाटेल. तसं काही झालेलं नाही.

तुझा हैदराबादचा पत्ता आईच्या बिस्किटांच्या डब्यातून घेतला. दिवाळीला तू तिला पार्सल पाठवतोस, त्यावरचा कागद ती कापून ठेवते. कंपनीबद्दल काही फोनवर किंवा मेलवर विचारायचं नाही असं तू बजावलं होतंस. पत्राबद्दल काही बोलला नव्हतास. ही पळवाट आहे का यावर मी बराच विचार केला. थोडीशी आहे.

मला एकच प्रश्न विचारायचा आहे. बुधवारी मी विहारातल्या अभ्यासिकेच्या सहाही संगणकांवर तुमच्या कंपनीचं राखणदार चालवलं. तेच, जे तुम्ही सगळ्यांना फुकट देता आणि जे घातक प्रोग्राम शोधून काढतं. सहाही ठिकाणी त्याने दोनच नावं काढली. वहीत उतरवलं तसं देते.

बचतमित्र. धोका : कमी. शिफारस : दुर्लक्ष करा.
लेखणी. धोका : जास्त. शिफारस : काढून टाका.

बचतमित्र ही जाहिरातींची पट्टी आहे. पडद्याच्या कडेला बसते आणि मनात येईल तेव्हा मोठी होते. अभ्यासिकेतल्या मुली काय शोधतात ते बघते आणि कुठेतरी कळवते. कुठे, ते मला अजून कळलेलं नाही.

लेखणी म्हणजे आपली लेखणी. तुझी.

मी तीनदा वाचलं. पुन्हा चालवलं. उत्तर तेच. दादा, लेखणी काय करते? बोटाखाली अक्षर उमटवते. ती कुणाला काही कळवत नाही. आत काय आहे ते कुणीही उघडून बघू शकतो, तूच तसं तळाशी लिहून ठेवलं आहेस: घ्या, उघडा, बदला, वाटा. मी उघडून पुन्हा पाहिलं. बाराशे ओळी आहेत. त्यातल्या चाळीसेक मला समजत नाहीत, बाकीच्या समजतात, आणि त्यांत धोका कुठे आहे ते सापडत नाही.

तुला आठवतं का, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षी तू आप्पांना स्वयंपाकघरात पाटावर बसवलंस आणि विचारलंस, क कुठे असायचा, र कुठे असायचा? छापखान्यात तीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. तोंडाने सांगता येईना. मग त्यांनी डोळे मिटले आणि समोर खिळ्यांची पेटी असल्यासारखा हवेत हात नेला. जिथे हात थांबला ते घर तू कागदावर मांडलंस आणि कीबोर्डवर अक्षरं तशीच बसवलीस. आप्पा अजून त्याच्यावरच लिहितात. विहाराच्या सूचना, लग्नपत्रिका, कोंडाण्याच्या आबाजींच्या आठवणी. दुसऱ्या कीबोर्डवर त्यांना एक ओळ जमत नाही.

तर प्रश्न हा: राखणदाराला असं का वाटतं? तू आत आहेस म्हणून तुला विचारते. नुसतं कुतूहल आहे, दुसरं काही नाही.

अपेक्षा


१७ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

माझं पहिलं पत्र अजून तुझ्यापर्यंत पोचलंही नसेल, पण त्यात मी खोटं लिहिलं. "दुसरं काही नाही" हे खोटं होतं. दोन रात्री झोप नीट लागली नाही, म्हणून आता सगळं लिहिते.

बुधवारी माघ पौर्णिमा होती. विहारात वंदना चालू होती, बाजूच्या खोलीत संगणक चालू. मी चालू ठेवले होते, कारण हर्षलाचा नर्सिंगचा फॉर्म अर्धा भरला होता आणि बंद केला तर पहिल्यापासून भरावा लागला असता. पंचशील सुरू झालं. पाचवं शील म्हणायला सगळ्यांनी तोंड उघडलं आणि चार नंबरचा संगणक मोठ्याने ओरडला, "जॅकपॉट! रमी खेळा, आत्ता खेळा!" मागोमाग दोन नंबर. मग पाच. आणि पडद्यावर ज्या बाई आल्या त्यांचे कपडे मी सांगत नाही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पोपटमामा तेवढे म्हणाले, "पोरी, ह्ये भंतेजींच्या म्होरं कोण वरडतंय गं?"

नंतर उज्वलाताईंनी मला बाजूला घेतलं. त्या आता समितीच्या अध्यक्षा आहेत. म्हणाल्या, "तुझ्यावर विश्वास हाय म्हनून किल्ली तुझ्याकडं दिली. ह्ये कुठनं आलं?"

मी म्हटलं, शोधते. खरं म्हणजे मला माहीत होतं.

ते मी आणलं. नोव्हेंबरात. फॉर्मला फोटो आणि सही लहान करून लागते, वीस केबीच्या आत, आणि त्यासाठी एक फुकटचा प्रोग्राम मी उतरवला. त्याच्यासोबत बचतमित्र येणार असं त्याच्या करारात लिहिलं होतं. मी करार वाचला, दादा. तेवीस पानं इंग्रजी, शब्दकोश घेऊन, दोन दुपारी. आपल्या घरात न वाचता कुणी कशाला हो म्हटलं आहे? मी शाळेत जाण्याआधीच आप्पा मला खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचायला लावत, औषधाच्या बाटलीमागचं वाचायला लावत, एसटीच्या तिकिटामागचं वाचायला लावत. तर मी वाचलं. कलम अकरा: वापरणारा सोबतचा भाग काढून टाकणार नाही, हे तो मान्य करतो.

आणि मी मान्य केलं.

म्हणून मी तो काढला नाही. मला काढता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. सुरुवातीला साड्या दिसायच्या, मोबाइलची कव्हरं दिसायची. मला वाटायचं, आपण शब्द दिला आहे, फोटोचा प्रोग्राम वापरतो आहोत, तर तेवढं सोसावं. तीन महिने सहा संगणकांवर मी ते जपून ठेवलं. हर्षलाला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. "ताई, ते वाचायचं नसतं. खाली जायचं आणि हो दाबायचं." मी म्हटलं, मग ते लिहितात कशाला? ती म्हणाली, "कुणी वाचू नये म्हणून."

आता दुसरं. तुमच्या कंपनीची एक योजना आली आहे, "गावचा संगणक". नवे सहा संगणक देणार, तुमचे सगळे प्रोग्राम घालून. अट एकच, बाहेरचा मोफत प्रोग्राम त्यावर ठेवायचा नाही. समितीतल्या बऱ्याच जणांना वाटतं की हे रमीचं प्रकरण माझ्या मोफत प्रोग्रामांतून आलं. पोपटमामा म्हणाले, "फुकाटचं घेतलं का असंच व्हतं." राखणदारानेही लेखणीलाच लाल केलं आहे, आणि ते मी स्वतः समितीला दाखवलं होतं. दाखवायला नको होतं, पण विचारलं तर लपवणार कशी?

रविवारी २ मार्चला सभा आहे. लेखणी घातक आहे की नाही हे मी त्या दिवशी सांगायचं, आणि मग ठराव. घातक ठरली तर ती जाते. ती गेली की आप्पांचे हात रिकामे. आप्पांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

दादा, तू एक ओळ लिहिलीस तरी चालेल. घातक आहे किंवा नाही.

अपेक्षा


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

काल खालापूरला त्या योजनेचं प्रशिक्षण होतं. खोपोलीपर्यंत एसटीने, पुढे रिक्षाने. मंगल कार्यालयाचा हॉल होता, मागच्या लग्नाची झालर तशीच होती. तीसेक माणसं: ग्रामपंचायतींतले ऑपरेटर, शाळांतले शिक्षक, मी, आणि माझ्या शेजारी कळंबच्या वाचनालयाच्या बायजाताई.

शिकवायला तुमच्या कंपनीचे प्रीतम सर म्हणून होते. तरुण, बोलायला चांगले. तुझ्याच वयाचे असतील. मी पहिल्यापासून त्यांच्याकडे बघत होते की तू असा बोलत असशील का.

शेवटी म्हणाले, काही शंका? मी हात वर केला.

"सर, मोफत प्रोग्राम का ठेवायचे नाहीत?"

"मॅडम, साधी गोष्ट आहे. फुकट ते कुणाचंच नसतं. उद्या बिघडलं तर विचारणार कुणाला?"

"ज्याने लिहिला त्याला."

"तो सापडतो का?"

दादा, मला बिस्किटांचा डबा आठवला.

मग मी बचतमित्राचं विचारलं. ते फुकट आहे, बिघडवतं आहे, तरी त्याला "दुर्लक्ष करा" का? ते म्हणाले, "ते आमचे भागीदार आहेत, मॅडम. नोंदणी केलेले. आणि ग्राहकाने स्वतः करार मान्य केलेला असतो. आता करार कुणी वाचत नाही, त्याला आपण काय करणार?" हॉल हसला.

"मी वाचला," मी म्हटलं.

"सगळा?"

"तेवीस पानं."

मग हॉल जास्तच हसला. सरही हसले, वाईट हेतूने नाही. बायजाताईंनी माझी ओढणी ओढली, "बस गं बाय, चा थंड व्हतोय."

परत येताना तो एक शब्द डोक्यात घोळत राहिला. भागीदार. घरी येऊन करार पुन्हा काढला. एकोणिसाव्या पानावर भागीदारांची यादी आहे, दोन रकाने, बारीक अक्षर. उजव्या रकान्यात वरून सातवं नाव तुमच्या कंपनीचं. मी ते नोव्हेंबरात वाचलं होतं. मोठ्याने वाचलं होतं! पण तेव्हा ते नुसतं नाव होतं. मुली जे शोधतात ते बचतमित्र तुमच्या शोधयंत्राकडे वळवतं. कुठे कळवतं हा माझा प्रश्न सुटला. बघ, उत्तर घरातच होतं.

म्हणजे बचतमित्राला दुर्लक्ष का, हे कळलं. लेखणीला लाल का, हे राहिलं. ती तर कुणाशी भांडतही नाही.

म्हणून आज एक करून पाहिलं. मला इतकं बरं वाटतंय की सविस्तर लिहिते. चूक असेल तर सांग.

सहा नंबरचा संगणक बाजूला घेतला. लेखणीच्या बाराशे ओळी तशाच ठेवल्या, फक्त नाव बदललं. तू वहीत लिहून दिलं होतंस तसा त्या ओळींचा चालणारा प्रोग्राम पुन्हा बांधायला घेतला. आप्पा मागे येऊन उभे राहिले.

"काय करतेस?"

"दादाच्या लेखणीचं नाव बदलते."

"कशाला?"

"बघायला."

बघायला म्हटलं की आप्पा पुढे विचारत नाहीत. खुर्ची ओढून बसले. "नवं नाव काय?"

"भोपळा."

राखणदार चालवलं. हिरवं! तीच लेखणी, तेच सगळं. भोपळा म्हटल्यावर सोडून दिली.

मग उलटं केलं. एक रिकामा प्रोग्राम लिहिला. उघडतो, पांढरी चौकट दाखवतो, बंद होतो. बाकी काही करत नाही. त्याला नाव दिलं लेखणी.

लाल. धोका : जास्त. काढून टाका.

आप्पा म्हणाले, "म्हणजे आत काय आहे ते तो बघतच नाही."

"नाही. पाटी बघतो."

मग मी असे अकरा रिकामे प्रोग्राम केले. प्रत्येकाला लेखणीसारख्या एकेका मोकळ्या, कुणीही उघडून बदलावा अशा प्रोग्रामचं नाव दिलं, पत्र लिहायचे, हिशेबाचे, चित्रांचे, जे तुमच्या विकाऊ प्रोग्रामांच्या जागी लोक वापरतात. सात लाल झाले. चार जाहिरातपट्ट्यांची नावं देऊन पाहिली. चारही "दुर्लक्ष करा".

या खटाटोपात आप्पांना सगळं सांगावं लागलं. सभेचंही. ऐकून झाल्यावर ते फक्त म्हणाले, "त्याला कळवलंस का?" तीन वर्षांत त्यांनी तुझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी हो म्हटलं.

अपेक्षा


२४ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

शुक्रवारचं पत्र पोस्टात टाकून परत येताना धरणाच्या भिंतीवर एक विचार आला आणि मी तिथेच थांबले. तेव्हापासून तो जात नाही. तुला विचारू नये असंही वाटतं. पण मनात ठेवून मी तुझ्याशी दुसरं काही लिहिलं तर ती लबाडी होईल.

लाल झालेली ती सात नावं मोठी आहेत. जगात लाखो लोक ते प्रोग्राम वापरतात. तुमच्या कंपनीला ती माहीत असणारच. पण लेखणी? ती वापरतं कोण? आप्पा. मी. अभ्यासिकेतल्या मुली. छापखान्यातले आप्पांचे जुने सोबती, तेही आता दोघंच राहिले. तू कधी ती कुठे मांडली नाहीस. एवढ्या मोठ्या कंपनीत ते नाव ठाऊक असलेला माणूस एकच आहे.

यादीत नाव आपोआप जात नाही. कुणीतरी लिहावं लागतं.

तू लिहिलंस का?

तू निघालास ते आठवतं. आप्पांनी तुझा करार ओटीवर बसून मोठ्याने वाचला, नवव्या पानावर थांबले. स्वतःचे मोकळे प्रोग्राम पुढे चालवणार नाही, असं होतं. ते म्हणाले, "हे वाचलंस? मग सही कशी करशील?" आणि तू म्हणालास, "तुम्ही आयुष्यभर वाचलंत, आप्पा. मालकाने तुमचे खिळे वितळवून भंगारात दिले तेव्हा तुमच्या वाचण्याचा काय उपयोग झाला?" आई आतून म्हणाली, "आरं, गप रं बाबा." तू गप्प झालास आणि तसाच गेलास.

मला तेव्हा वाटलं होतं की तू चिडून बोललास. आता वाटतं, चिडून आणखीही काही केलं असशील का? तसं असेल तर सांग. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण कळलेलं बरं.

आई विचारते, तो बरा हाय का तेवढं लिव म्हनावं.

अपेक्षा


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

तुझं पाकीट आज दुपारी मिळालं. पोस्टमनने सही मागितली तर मी पावतीही पूर्ण वाचली, तो कंटाळला.

आत एकच कागद होता, त्याच्या दोन्ही बाजू वाचल्या. आज एवढंच लिहिते: मी तुझ्याबद्दल असं विचारायला नको होतं. नाही, विचारायलाच हवं होतं. पण आधी दुसरं काही सुचायला हवं होतं. ते सुचलं नाही, याची लाज वाटते.

सभा परवा आहे.

अपेक्षा


३ मार्च, सोमवार

दादा,

आता सगळं क्रमाने.

तुझ्या पाकिटात तुझ्या कराराचं एक पान होतं. जोडपत्र तीन. "यापूर्वी स्वतः केलेले प्रोग्राम असल्यास लिहा." त्याखाली तुझ्या अक्षरात: लेखणी, मराठी टंकलेखनासाठी, मोकळी, कुणीही वापरावी. आणि मागे तू लिहिलं आहेस की तुमच्या तुकडीत चाळीस जण होते, एकोणचाळीस जणांनी तिथे "नाही" लिहिलं. काहींनी तर तुझ्यापेक्षा कितीतरी केलेलं होतं. शेजारच्याने तुला खुणावलं सुद्धा. पण आप्पांनी शिकवलं आहे की रकाना रिकामा सोडायचा नाही आणि खोटा भरायचा नाही, म्हणून तू भरलास. पुढे कुणीतरी ती सगळी जोडपत्रं चाळून कामाला अडथळा होतील अशा प्रोग्रामांची यादी केली, ती यादी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली आणि शेवटी राखणदारात शिरली. लेखणी काय आहे ते कुणी उघडून पाहिलंच नाही.

तुला हे आठ महिन्यांपूर्वी कळलं. नाव काढावं म्हणून तू दोनदा अर्ज केलास, उत्तर आलं नाही. आणि घरी सांगायची लाज वाटली.

दादा, मला हसू आलं. खरंच सांगते, आधी हसू आलं. मी कलम अकरा पाळत बसले आणि तू रकाना भरत बसलास. तुझ्या कंपनीला असली दोन माणसं एकाच घरात मिळतील असं वाटलं नसेल.

तू शेवटी लिहिलंस, "सभेत वाचायचं असेल तर वाच." ते पान मी खालपर्यंत वाचलं. अगदी तळाशी बारीक अक्षरांत आहे की हे पान त्रयस्थ व्यक्तीला दाखवल्यास नोकरी संपुष्टात येईल. तुला ते माहीत आहे. तरी पाठवलंस. म्हणून मी ते घरी पेटीत ठेवलं आणि विहारातल्या सभेत सहा नंबरचा संगणक पुढे मांडला.

आधी मी कलम अकराबद्दल सांगितलं. नोव्हेंबरापासून सगळं. मग पोपटमामा म्हणाले, "मंजे तुला काडता येत व्हतं आन् तू काडलं नाय?"

"शब्द दिला होता, मामा."

"कुनाला?"

खरंच, कुणाला?

मग मी रिकामा प्रोग्राम सगळ्यांसमोर लिहिला. सात ओळी. काय करतो ते उघडून दाखवलं: काही नाही. नाव दिलं लेखणी, राखणदार चालवलं. लाल.

"लाल कशापायी झालं गं?" पोपटमामांनी चष्मा वर केला.

"नावामुळे. दुसरं त्यात काहीच नाही."

"माझं नाव टाक बरं."

मी लेखणी पुसून पोपट लिहिलं. हिरवं.

"आता गं! मी चालतोय आन् आप्पाची लेखणी नाय चालत?" आणि मग एकदाची ती खोली हसली. माघ पौर्णिमेचं राहिलेलं हसू तेव्हा हसून घेतलं असं मला वाटलं. प्रत्येकाला आपलं नाव घालून बघायचं होतं. आबाजी हिरवे, भागूबाई हिरव्या, उज्वलाताईही हिरव्या. लेखणी परत लाल.

उज्वलाताई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत होत्या. "यादीत नाव कुनी घातलं, म्हायती हाय तुला?"

आप्पा मागच्या बाकावर होते. तुझ्या पाकिटाबद्दल त्यांना मी काही सांगितलं नव्हतं.

"माहीत आहे, ताई. पण सांगणार नाही. सांगितलं तर ज्याच्याकडून कळलं त्याचं नुकसान होईल."

"वाईट मनानं घातलं का?"

"नाही. कुणीतरी खरं लिहिलं, म्हणून ते तिथे गेलं."

त्या उठून माझ्या शेजारी आल्या. मग म्हणाल्या, "बरं. आता पयलं ते रमीवालं काड." मी माऊस धरला आणि, तुला खोटं वाटेल, माझा हात थांबला. मान्य केलं होतं ना. उज्वलाताईंनी माझ्या हातातून माऊस घेतला. "सरक. शब्द तू दिलास, मी नाय दिला." सहाही संगणकांवर त्यांनी स्वतः काढलं. फोटोचा प्रोग्रामही मी सांगून काढायला लावला, कारण कराराची एक बाजू मोडली तर दुसरी ठेवणं बरोबर नाही. आता फोटो लहान करायला काहीतरी शोधायला हवं. मोकळं. तुला माहीत असेल तर कळव. हर्षलाचा अर्धा फॉर्म मात्र त्या पौर्णिमेलाच गेला, तिने तो कर्जतला जाऊन पुन्हा भरला.

लेखणी राहिली. नऊ हात वर, दोन खाली. पोपटमामांचा हात खाली होता. म्हणाले, "लेखणी ऱ्हाऊ दे, पन नवीन मशीन यायची व्हती ना रं." कुणीतरी म्हटलं की नाव बदलून भोपळा ठेवा आणि योजनाही घ्या, म्हणजे कंपनीला कळायचं नाही. तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले, "नाव तेच राहील. लपवण्यासारखं त्यात काय आहे?"

घरी आलो. आई चहा टाकायला आत गेली. आप्पांनी चपला काढता काढता विचारलं, "खरं लिहिणारा तो होता का?"

दादा, त्या पानावर त्रयस्थ व्यक्तीला दाखवू नये असं लिहिलं आहे. आप्पा त्रयस्थ आहेत का, हा प्रश्न मी शुक्रवारपासून सोडवत होते. शब्दकोशात पाहिलं. ज्याचा दोन्ही बाजूंशी संबंध नाही तो. मग मी पेटीतून पान काढून त्यांना दिलं.

ते ओटीवर जाऊन बसले. उजेडाकडे पाठ करून, नेहमीसारखे. पहिल्या ओळीपासून वाचलं, मोठ्याने, कलम आणि उपकलम, तळाच्या बारीक अक्षरापर्यंत. मग मागची बाजू. ती मनात वाचली. आई चहा घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "बरा हाय का?"

आप्पा म्हणाले, "रकाना भरला त्याने."

आईला काही कळलं नाही, पण तिने दोन्ही कप खाली ठेवले आणि पदर डोळ्यांना लावला.

आज सकाळी ते माझ्यासोबत अभ्यासिकेत आले, सहा नंबरवर बसले आणि मला म्हणाले, "तू जरा बाहेर जा." मी बाहेर कट्ट्यावर बसले. कीबोर्डचा आवाज येत होता. आप्पा लिहितात तेव्हा एका ओळीत थांबत नाहीत, तुला माहीत आहे. आज खूप वेळा थांबले. मग छपाईचा आवाज आला. त्यांनी कागदाची घडी घालून पाकिटात ठेवली, डिंक लावला आणि मला दिलं. "तुझ्या पत्रासोबत पाठव."

ते पाकीट यात आहे. एकच कागद असावा, हाताला तेवढाच लागतो. उजेडात धरलं असतं तर उलट्या बाजूने ओळी दिसल्या असत्या, आणि उलटी अक्षरं मला सुलट्याइतकीच वाचता येतात. मी धरलं नाही. काय लिहिलं आहे ते न वाचता मी आजवर काही पुढे पाठवलेलं नाही. हे पाठवते आहे.

अपेक्षा